तिनागोचं पान

सान एलिहियोबद्दल कुणाला काहीही विचारायचं असलं, की पालिकेचा शिपाई त्याला वरच्या मजल्यावर पाठवून द्यायचा. जिना चढलं की उजव्या हाताला, खिडकीशेजारचं टेबल. तिथे लिब्राडा काबांगोन बसायची. सगळं गाव तिला मानांग लिबा म्हणायचं. मानांग म्हणजे ताई, जसा मानोंग म्हणजे दादा, आणि त्रेसष्टाव्या वर्षी ती अर्ध्या गावाची ताई होती. चर्चचं घंटाघर कुठल्या भूकंपात कललं, नदीवरचा लोखंडी पूल अमेरिकनांनी कोणत्या साली बांधला, गरम पाण्याच्या झऱ्यावर धुणं धुवायला कोणत्या मेयरने बंदी घातली, हे सगळं तिला तोंडपाठ. दर जानेवारीत ती गावाची माहितीपुस्तिका नव्याने तयार करायची. प्रत्येक वाडीला एक पान. वाड्या सतरा. सतरावं पान तिनागोचं, आणि तेच ती सगळ्यांत आधी टाइप करायची.

तिनागो म्हणजे तिचं जन्मगाव. धक्क्यावरून उलांडीच्या, म्हणजे बाजूला आधाराचे बांबू बांधलेल्या, होडीने पाऊण तासावरचं बेट. माडांची रांग, पांढरी पुळण, मधोमध सान व्हिसेंतेचं लाकडी चॅपल आणि उत्तरेच्या टोकाला दगडी बुरूज. पूर्वी समुद्रातून लुटारू यायचे तेव्हा त्या बुरुजावरून शंख फुंकून लोकांना सावध करत. लिबाच्या लहानपणी तिथे पोरं लपाछपी खेळायची आणि थोडी मोठी झाली की तिथेच चोरून माडी प्यायची. तिचा बाप बांबूच्या चटयांवर मासळी वाळवायचा. त्या वासाची तिला लाज वाटायची. हायस्कूलला सान एलिहियोत आली तेव्हा ती केसांना दोनदोनदा साबण लावायची.

मठातल्या सिस्टरकडे ती टाइपिंग शिकली आणि एकविसाव्या वर्षी पालिकेत लागली. आठवडाभर बाजारामागे एका खोलीत राहायचं, शनिवारी दुपारी बेटावर जायचं आणि सोमवारी पहाटे परत. ने-आण करायचा आनातोलियो, म्हणजे तोलियो. शेजारच्या घरातला, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. तो वल्हं मारायचा, ती डोक्यावर फडकं बांधून पुढ्यात बसायची. चार वर्षं असं चाललं. इतक्या वेळात दोघं काय बोलले असतील ते सगळं मिळून एका पानावर मावलं असतं. पण एखाद्या सोमवारी तोलियोऐवजी त्याचा काका होडी घेऊन आला, तर लिबाचा सबंध आठवडा बिघडायचा.

एका शनिवारी बेट जवळ आल्यावर तोलियोने वल्हं आत घेतलं आणि होडी तशीच राहू दिली.

"परवा नको जाऊस," तो म्हणाला.

लिबाला कळलं नाही असं नाही. चांगलंच कळलं. पण तोंडातून निघालं ते असं : "परवा मेयर नवीन टाइपरायटर देणार आहेत. मलाच सही करून घ्यायचाय."

तोलियोने मान हलवली आणि वल्हं पाण्यात घातलं. पुन्हा त्याने कधी विचारलं नाही. दोन वर्षांनी त्याने डेल्फिनाशी लग्न केलं. लग्नात लिबा डुकराच्या भाजलेल्या मांसाची ताटं वाढत होती आणि सगळ्यांशी हसून बोलत होती. डेल्फिना स्वभावाने चांगली निघाली, त्यामुळे तिचा राग करायचीही सोय राहिली नाही. लिबाने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "पालिकेशी लागलंय की माझं." लोक हसायचे. हळूहळू विचारेनासे झाले.

आईबाप गेल्यावर तिचं बेटावर जाणं कमी झालं, तरी सान व्हिसेंतेच्या फेस्ताला ती चुकायची नाही. आणि मतदारयादीतलं नाव तिने कधी बदलून घेतलं नाही. चाळीस वर्षं सान एलिहियोत राहून मतदार मात्र तिनागोची.

मग एका नोव्हेंबरात ते वादळ आलं. एकशे बारा घरांपैकी नऊ उभी राहिली. माणसं आदल्याच दिवशी चर्चमध्ये आणून ठेवली होती म्हणून वाचली. सरकारने बेटाला राहायला धोक्याची जागा ठरवलं आणि सगळ्यांना लिबास नावाच्या वाडीच्या मागच्या टेकडीवर सिमेंटच्या चाळीत आणून बसवलं. लिबा एकदाच, अधिकाऱ्यांबरोबर, बेटावर जाऊन आली. बुरुजाचा वरचा अर्धा भाग समुद्रात पडला होता. तिच्या घराच्या जागी शेजाऱ्यांची होडी उलटी पडलेली होती. त्यानंतर तिचा पाय पुन्हा तिकडे वळला नाही. संध्याकाळी कचेरी सुटली की ती बंधाऱ्यावर जाऊन उभी राहायची आणि अंधार पडेपर्यंत तिकडे बघत बसायची. जानेवारी आला की टाइप करायची : तिनागो, लोकसंख्या शून्य. सात वर्षं शून्य.

आठव्या वर्षी तिचे साहेब, इंजिनियर जोवेन, तिच्या टेबलाशी आले. वयाने तिच्या भाच्याएवढे, वागायला अदबशीर.

"मानांग, सभेत ठराव झालाय. तिनागो लिबासमध्ये विलीन करायचं. मार्चमध्ये लोकांचं मत घेणार. त्याआधी बेटावर कुणी राहत नाही असा पाहणीचा अहवाल लागेल. तुम्ही सही करून ठेवा."

"पाहणी कधी आहे?"

"पाहणी कसली? सात वर्षं तुम्हीच शून्य लिहिताय ना?"

"खुर्चीत बसून लिहिलंय, साहेब. एवढ्या मोठ्या कागदावर न बघता कशी सही करू?"

जोवेन थोडे गोंधळले. मग म्हणाले, "बरं, जाऊन या. पण समुद्र बघून जा."

धक्क्यावर बेंतोय नावाचा होडीवाला होता, पन्नाशीचा, मूळचा तिनागोचाच. तिला न्यायचं म्हटल्यावर तो डोकं खाजवायला लागला.

"तिकडे आहे काय, मानांग? दगड मोजणार? दगड मीच सांगतो, लिहून घ्या."

"तू होडी काढ."

"वारा बरा नाही आज."

"तुझ्या गळ्यातला टॉवेलसुद्धा हलत नाहीये, बेंतोय."

वाटेत तो एक शब्द बोलला नाही. एरवी त्याचं तोंड बंद करायला लोक त्याला सिगरेट द्यायचे. बेट जवळ आलं तशी लिबाला माडांच्या मागून धुराची एक बारीक रेघ वर जाताना दिसली. तिने बेंतोयकडे पाहिलं. तो इंजिनाकडे बघत होता. त्याच्या पायाशी, ताडपत्रीखाली, तांदळाची पिशवी होती.

"कोण आहे?" तिने विचारलं.

"आता बघालच की."

पुळणीवर तोलियो उभा होता. हाफ पँट, अंगात कुठल्याशा निवडणुकीतला विटका टी-शर्ट. खूप वाळला होता. लिबाला वाटत होतं तो सेबू शहरात मुलीकडे असतो. तसंच तिला सांगितलं होतं सगळ्यांनी.

"पालिका आली," तो बेंतोयला म्हणाला. "तुला आणायला दुसरं कोणी मिळालं नाही?"

"मी नाही आणलं, मानोंग. त्यांनीच मला आणलं," बेंतोय म्हणाला आणि पिशवी खाली ठेवून होडीतच जाऊन आडवा झाला.

लिबा तिथेच वाळूत उभी राहिली. म्हणाली, "किती दिवस झाले तुम्हाला इथे?" तरुणपणी ती त्याला अरेतुरे करायची. मध्ये इतकी वर्षं गेली होती की तोंडाला तुम्हीच आलं.

"चार वर्षं."

डेल्फिना टेकडीवरच्या चाळीत वारली होती, हे लिबाला माहीत होतं. तिला बेटावर नेऊन पुरलं, हे माहीत नव्हतं. परवानगी मिळाली नसती, म्हणून पहाटे तीन होड्या गेल्या होत्या. पुरून सगळे परत आले, तोलियो आला नाही. तेव्हापासून टेकडीवरचे लोक आळीपाळीने तांदूळ, मीठ, काडेपेट्या पाठवत होते. शाळेतल्या मास्तरांना माहीत होतं, फादरना माहीत होतं, बाजारातल्या मासळीवाल्यांना माहीत होतं. एवढ्या मोठ्या गावात एक लिबाच राहिली होती.

"मला का नाही सांगितलं?"

"तू पालिकेची," तोलियो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. माड उंच असतो म्हणावं, तसं त्याने ते सांगितलं.

त्याने तिला चॅपल दाखवलं. छपराला नीपा ताडाची पानं नवी होती, जमीन झाडलेली. सान व्हिसेंतेची मूर्ती टेकडीवर नेली होती. तिच्या जागी त्याने एक कॅलेंडर टांगलं होतं. मागे कबर होती, भोवती शिंपले लावलेले. मग त्याने मासा भाजला, व्हिनेगरमध्ये मिरची कुस्करली, आणि दोघं त्याच्या झोपडीसमोर ओंडक्यावर बसून जेवली. लिबाने पाणी मागितलं तेव्हा त्याने पत्र्याच्या पिंपातलं दिलं.

"विहीर?"

"वादळापासून खारी झालीये. पावसाचं साठवतो." पिंपाचं झाकण लावत तो म्हणाला, "काय लिहिणार मग?"

"जे आहे ते."

"म्हणजे एक. एक माणूस, एक डुक्कर, सात कोंबड्या. कोंबड्या मोजता का तुम्ही?"

"पशुधनाचं कोष्टक वेगळं असतं," लिबा म्हणाली, आणि मग दोघंही हसली. हसता हसता तोलियोला खोकला लागला. बराच वेळ थांबेना. थांबला तेव्हा तो म्हणाला, "शून्यच लिही, लिबा. शून्याला न्यायला कुणी येत नाही."

तिला खूप विचारायचं होतं. त्या शनिवारचं त्याला आठवतं का, हे तर नक्कीच. पण त्याच्या हातात ताट होतं, आणि तो तिच्या ताटातला माशाचा काटा बोटाने बाजूला काढत होता, जणू रोजच दोघं असं जेवतात. तिने काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "दोन वर्षांत मी निवृत्त होते. मग इथे येऊन राहीन म्हणते."

"ये की."

"खरंच म्हणतेय."

"मीही खरंच म्हणतोय," तोलियो म्हणाला. मग समुद्राकडे बघून, "ओहोटी लागली. बेंतोय खोळंबलाय."

लिबाने अहवालात शून्य लिहिलं आणि सही केली. बेचाळीस वर्षांत मुद्दाम खोटं लिहिलेली ती पहिलीच ओळ होती.

पण विलीनीकरणाला मत द्यायचं नाही, हे तिने मनाशी ठरवून टाकलं. एका रविवारी ती टेकडीवर गेली, लुमिंगला भेटायला. लुमिंग म्हणजे तिची भावजय, आणि त्याआधी शाळेतली सोबतीण. भाऊ केव्हाच गेला होता. लुमिंग नळावर बसली होती. तिच्यासमोर अठरा-वीस बादल्यांची रांग.

"नाव गेलं की सगळं गेलं, लुमिंग," लिबा म्हणाली. "उद्या तिनागो होतं म्हणून कोण सांगेल? सगळ्यांना सांग, नाही लिहा."

लुमिंगने बादली पुढे सरकवली. "हा नळ बघितलास? सकाळी एक तास येतो. लिबास वाडीचा कप्तान म्हणतो, तुम्ही तिनागोचे, तुमच्या कप्तानाकडे पंप मागा. आमचा कप्तान म्हणतो, माझी वाडी तिकडे पाण्यात, इकडे मला काय अधिकार. सात वर्षं हेच चाललंय."

"मी पालिकेत बोलते."

"सात वर्षं कुठे होतीस?" लुमिंग म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण नळावरच्या बाकीच्या बायका वळून बघू लागल्या. "आम्हाला वादळाने काढलं, लिबा. तू तर आधीच गेली होतीस. आपल्या पायांनी, केसांना साबण लावून. तुला संध्याकाळी बंधाऱ्यावर उभं राहून बघायला एक बेट पाहिजे. आम्हाला पाणी पाहिजे."

मग लुमिंगनेच तिला हाताला धरून घरात नेलं, भात आणि सुकटीचं कालवण वाढलं, आणि दोघी पोराबाळांचं बोलत बसल्या. निघताना लुमिंग म्हणाली, "रागावू नकोस."

"तू खोटं कुठे बोललीस," लिबा म्हणाली.

मतदान टेकडीवरच्या शाळेत होतं. लिबाला पालिकेकडून नोंदवहीवर बसवलं होतं, शेजारी जोवेन. सकाळी दहाच्या सुमारास दारातला गलका एकदम बंद पडला. लिबाने मान वर केली. तोलियो आत येत होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, पायात कुणाच्या तरी मोठ्या चपला. मागे बेंतोय, अपराधी चेहऱ्याने.

सगळी खोली बघत होती. तोलियो टेबलाशी आला आणि त्याने आपलं नाव सांगितलं.

"हे कोण, मानांग?" जोवेननी हळूच विचारलं. "राहतात कुठे?"

लिबाने यादीत बोट फिरवून नाव काढलं. "मतदार आहेत, साहेब. एकशे एकतीस क्रमांक."

जोवेननी तोलियोकडे पाहिलं, त्याच्या उन्हाने करपलेल्या मानेकडे, खाऱ्या पाण्याने फुटलेल्या टाचांकडे पाहिलं. मग लिबाकडे. "सही घ्या," ते म्हणाले, आणि पाणी प्यायला बाहेर निघून गेले.

तोलियोने मत टाकलं. बाहेर व्हरांड्यात तो लिबासाठी थांबला होता. तिने आधी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं.

"हो लिहिलं मी."

"तुम्ही?"

"डेल्फिना शेवटच्या महिन्यातसुद्धा बादली घेऊन रांगेत बसायची. मी जातो म्हटलं तर म्हणायची, तुम्हाला भांडता येत नाही, तुम्ही नंबर घालवाल." तो टेकडीवरून खाली समुद्राकडे बघत होता. "मला ते नाव काय करायचंय, लिबा? मी तिथे राहतो. नाव तुम्हा कागदवाल्यांना लागतं."

लिबा परत आत गेली. आपली चिठ्ठी घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशाला उभी राहिली. पेन्सिल बराच वेळ हातात तशीच होती. मागच्या बाईने खाकरल्यावर तिने 'हो' लिहिलं आणि चिठ्ठी दुमडून पेटीत टाकली.

एकशे एकोणीस विरुद्ध सव्वीस. एप्रिलमध्ये तिने पुस्तिका पुन्हा टाइप केली. वाड्या सोळा. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत एक ओळ बदलायची होती. 'टेहळणी बुरूज, तिनागो' या ओळीतला शेवटचा शब्द खोडून तिने 'लिबास' लिहिलं, आणि मग उठून खिडकी लावून घेतली. पावसाळ्याआधी टेकडीवर पंप बसला.

त्यानंतर दर रविवारी, समुद्र जाऊ देईल तेव्हा, लिबा बेंतोयच्या होडीत बसायची. तांदूळ, खोकल्याचं औषध, कधी बाजारातला गोड भात. दिवसभर राहायची. तोलियो जाळं विणायचा, ती चॅपलची पायरी झाडायची. बोलणं पूर्वीसारखंच थोडं. त्या शनिवारचा विषय निघाला नाही. एकदा मात्र तोलियो जाळ्याची गाठ मारताना म्हणाला, "तुझा तो टाइपरायटर कसा होता?"

लिबाने त्याच्याकडे पाहिलं. तो जाळ्यातून वर बघायला तयार नव्हता.

"एक अक्षर अडकायचं त्यात," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"अस्सं," तोलियो म्हणाला, आणि बराच वेळ एकटाच हसत राहिला.

नोव्हेंबरपासून ईशान्येचा वारा सुटला की दोन-दोन महिने होडी जायची नाही. तेव्हा लिबा कचेरीआधी बंधाऱ्यावर जाऊन त्याच्या चुलीचा सकाळचा धूर शोधायची; संध्याकाळी तो चूल पेटवत नसे. निवृत्तीला चार महिने राहिले होते, आणि बेटावर नेण्यासाठी तिने दोन पातेली आणि एक मच्छरदाणी घेऊन ठेवली होती. त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी तीन दिवस धूर दिसला नाही. चौथ्या दिवशी वारा पडला आणि बेंतोय गेला. तोलियो झोपेतच गेला होता, अंगावर चादर नीट ओढलेली.

सेबूहून मुलगी आली. बापाला शहरात नेते म्हणाली, पण लुमिंगने तिला बाजूला घेऊन समजावलं. या वेळी चोरून काही करावं लागलं नाही. जोवेननी परवानगीचा कागद स्वतः आणून दिला. अकरा होड्या निघाल्या. फादर आले, टेकडीवरची निम्मी चाळ आली. डेल्फिनाच्या शेजारी त्याला पुरलं, आणि मग सगळ्यांना भूक लागली.

चॅपलसमोर तीन दगड मांडून लुमिंगने भात चढवला. कुणी मासे साफ करायला बसलं, कुणी माडावर चढलं. वादळानंतर जन्मलेली पोरं बुरुजावर जाऊन ओरडायला लागली आणि त्यांच्या आया खालून शिव्या द्यायला लागल्या. कुणीतरी कुणाच्या तरी पडलेल्या घराच्या पायऱ्यांवर बसून सांगत होतं, इथे आमची चूल होती, नाही रे, ती तिकडे, इथे तर तुमचा उकिरडा होता. त्यावरून वाद झाला, हशा झाला. विळीचा आवाज, खोकणं, हाका, लाकडाचा धूर. लिबा मच्छरदाणी मांडीवर घेऊन बसली होती. डोळे मिटले असते तर तिला आईचाही आवाज ऐकू आला असता.

तिने डोळे मिटले नाहीत. टक लावून सगळ्यांकडे बघत राहिली.

दुपार कलली तसा बेंतोय हाका मारत फिरू लागला. पातेली घासून झाली, पोरं गोळा झाली, एकेक होडी पाण्यात ढकलली गेली. "मानांग, पाणी उतरतंय," बेंतोय म्हणाला. "आपली शेवटची."

"आले," लिबा म्हणाली. "ते पुढचे जरा लांब जाऊ देत. इथून बघते त्यांना."